नत्थाच्या दारातला कॅमेरा

‘पीपली लाइव्ह’ बघताना हसू सगळीकडे सारखं येत नाही. काही प्रसंगांत मोकळं हसायला होतं. काही ठिकाणी सिनेमा हसवायला बघतो आणि आपण नुसते बघत बसतो. आणि दोन-तीन ठिकाणी आलेलं हसू घशातच अडकतं. टीव्हीच्या बातम्यांची टर उडवणारा हा सिनेमा १३ ऑगस्ट २०१० ला प्रदर्शित झाला. आज तो मोबाइलवर लावला तर हा चढउतार आणखीच जाणवतो.

विनोदी सिनेमात हसू असं कमी-जास्त होणं हा दोषच मानला जातो. काही अंशी तो इथेही आहे. पण कुठलं हसू शिळं झालं आणि कुठलं अजून ताजं आहे, हे नीट बघितलं तर या सिनेमाबद्दल आणि आपल्या बातम्यांबद्दल बरंच कळतं. वाशिम जिल्ह्यात बसून बघितलं तर जरा जास्तच कळतं, कारण सिनेमातला नत्था आमच्याकडे कागदावर एक ‘प्रकरण’ असतो.

गोष्ट थोडक्यात

(शेवटही सांगणार आहे. सिनेमा पंधरा वर्षं जुना आहे, तेव्हा राग मानू नका.)

मुख्य प्रदेश नावाच्या काल्पनिक राज्यात पीपली नावाचं गाव आहे. तिथे नत्था आणि त्याचा थोरला भाऊ बुधिया यांची जमीन बँकेच्या कर्जापायी लिलावात निघणार असते. मदत मागायला ते गावच्या पुढाऱ्याकडे जातात. तिथे त्यांना टोमणा ऐकायला मिळतो की, सरकार मेलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना पैसे देतं, मग मरा की! टोमणा मारणारा विसरून जातो. या दोघांच्या डोक्यातून मात्र तो जात नाही. एक लाख रुपये. मग मरायचं कोणी? थोरला धूर्त आहे, धाकटा भोळा आहे. ठरतं की नत्थानं मरायचं.

ही गोष्ट राकेश नावाच्या गावपातळीवरच्या पत्रकाराच्या कानावर पडते. त्याच्या छोट्या पेपरातून ती दिल्लीच्या वाहिनीपर्यंत जाते. पोटनिवडणूक तोंडावर असते. बघता बघता नत्थाच्या दारात ओबी व्हॅन उभ्या राहतात, गावात जत्रा भरते, पाळणे लागतात. सगळा देश एकाच प्रश्नाची वाट बघतो: नत्था मरणार की नाही, आणि मरणार तर कधी?

दिग्दर्शिका अनुषा रिझवी आधी टीव्ही पत्रकार होत्या. महमूद फारुकी सहदिग्दर्शक आणि आमिर खान निर्माता. नत्था झालेला ओंकारदास माणिकपुरी छत्तीसगढचा, हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’मधून आलेला. सनडान्स महोत्सवाच्या स्पर्धेत हा सिनेमा होता आणि त्या वर्षी ऑस्करसाठी भारतानं पाठवला तोही हाच.

शिळं झालेलं हसू

सिनेमातलं सगळ्यात जास्त हसू वाहिन्यांवर खर्च झालं आहे. हिंदी वाहिनीचा कुमार दीपक कॅमेऱ्यासमोर ओरडतो, हातवारे करतो. नत्था परसाकडे गेला की त्याच्या मागे कॅमेरा जातो. तो दिसेनासा झाल्यावर त्यानं मागे ठेवलेल्या विष्ठेवरून त्याची मनःस्थिती समजावून सांगितली जाते. इंग्रजी वाहिनीची नंदिता मलिक त्यापेक्षा सभ्य सुरात बोलते, पण दोघांचीही धाव एकाच दारापर्यंत आहे.

२०१० मध्ये हे बघताना लोक खो खो हसले असतील. आज त्या विष्ठेच्या प्रसंगावर हसू येता येता थांबतं. तो लांबतो हे एक कारण. दुसरं मोठं कारण म्हणजे त्यानंतरच्या पंधरा वर्षांत खऱ्या वाहिन्यांनी इतकं काही दाखवलं आहे, की ही टर आता टर वाटत नाही, जुन्या बातमीपत्राचा तुकडा वाटते. ज्याची नक्कल करायची तोच नक्कल करणाऱ्यापेक्षा जास्त सोंगं आणू लागला की नक्कल करणाऱ्याची पंचाईत होते.

ही पंचाईत ‘पीपली’च्या आधीही एका सिनेमानं अनुभवली आहे. जानेवारी २००० मध्ये अझीझ मिर्झांचा ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’ आला. शाहरुख खान आणि जुही चावला दोन स्पर्धक वाहिन्यांचे पत्रकार, परेश रावल फाशीची शिक्षा झालेला एक बाप, आणि त्याची फाशी थेट प्रक्षेपित करायची तयारी, तीही प्रायोजकांसह. सिनेमा धड विनोदी राहिला नाही आणि धड गंभीरही झाला नाही. पहिल्या भागात पोरकटपणा, दुसऱ्या भागात देशभक्ती आणि अश्रू. एका आठवड्यापूर्वी लागलेल्या ‘कहो ना... प्यार है’पुढे तो टिकलाही नाही. पण त्याची तारीख बघा. ‘आज तक’ चोवीस तासांची वाहिनी झाली ती त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला. म्हणजे हा आचरट सिनेमा आचरटपणात बातम्यांच्या एक वर्ष पुढे होता. त्याच्यावर हसायला लागणारी वाहिन्यांची गर्दी अजून जन्माला यायची होती.

मग ती आली. जुलै २००६ मध्ये हरियाणात कुरुक्षेत्रजवळ प्रिन्स नावाचा लहान मुलगा बोअरवेलच्या खड्ड्यात पडला आणि जवळपास पन्नास तास देशभरच्या वाहिन्या त्या खड्ड्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. मुलगा सुखरूप निघाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण वाहिन्यांना त्यातून एक धडा मिळाला. जगणं आणि मरणं यांच्यामध्ये लटकलेला एक माणूस आणि त्याच्यासमोर न हलणारा एक कॅमेरा, एवढ्यावर दिवसच्या दिवस निघू शकतात. ‘पीपली’ त्याच धड्यावर उभा आहे. त्यानं खड्ड्याच्या जागी घर ठेवलं आणि मुलाच्या जागी शेतकरी.

वाहिन्यांच्या या टिंगलीत एक तिरपेपणाही आहे, तो सांगायला हवा. सिनेमा हिंदीवाल्या कुमार दीपकला विदूषक करतो आणि इंग्रजीवाल्या नंदिताला माणूस ठेवतो. तिला विचार करताना दाखवतो, तिची तगमग दाखवतो. आणि तरीही सिनेमातलं सगळ्यात थंड वाक्य तिच्याच तोंडी आहे. त्याच्याकडे पुढे येऊ. पण ओरडणारा तेवढा हास्यास्पद आणि हळू बोलणारा गंभीर, हा समज शहरातल्या दिवाणखान्याचा आहे. आमच्याकडे तालुक्याच्या ठिकाणी येणारा बहुतेक वेळा ओरडणाराच असतो, कारण हळू बोलणारा तिथवर येतच नाही.

ताजं राहिलेलं हसू

वाहिन्या सोडून सिनेमा सरकारी कचेरीत शिरतो तिथे मात्र विनोद आजही धारदार आहे. याचं कारण साधं आहे. वाहिन्या बदलल्या, कचेरी तीच राहिली.

नत्था मरणार अशी बातमी पसरल्यावर एक अधिकारी त्याच्या दारात हातपंप आणून टाकतो. त्या पंपाचं नाव ‘लाल बहादूर’. जय किसान म्हणणाऱ्या शास्त्रीजींच्या नावाची योजना. पंप जमिनीत बसवायला पैसे लागतात, ते योजनेत नाहीत. त्यामुळे लाल बहादूर अंगणात आडवा पडून राहतो. दिल्लीतला कृषी खात्याचा सचिव शांतपणे चहा पितो आणि दर वेळी हायकोर्टाच्या आदेशाची वाट बघू म्हणतो. कोणी ओरडत नाही, कोणी विनोद करतोय असं वाटतही नाही. म्हणून तो विनोद पोचतो.

विदर्भातल्या प्रेक्षकाला लाल बहादूर ओळखीचा वाटावा, असा इतिहास इथे आहे. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वर्धा आणि वाशिम. वाशिम तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा जिल्हा, १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला. त्या पॅकेजमध्ये इतर गोष्टींबरोबर शेतकऱ्यांना निम्म्या अनुदानावर जास्त दूध देणाऱ्या गाई देण्याची तरतूद होती. गाय आली. तिला रोज जो चारा आणि जी ढेप लागते, ती कोरडवाहू कपाशीवाल्यानं कुठून आणायची, हे कागदात नव्हतं. पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलेल्या वृत्तांतांत घरच्या माणसांपेक्षा गाईच्या खाण्यावर जास्त खर्च करावा लागणारी कुटुंबं भेटतात. अंगणात आडवा पडलेला पंप आणि दावणीला उभी असलेली, न परवडणारी गाय ही एकाच घरातली भावंडं आहेत.

म्हणून लाल बहादूरवर आमच्याकडे हसू येतं तेव्हा ते टिंगलीचं नसतं, ओळखीचं असतं. एखाद्या लग्नात दूरच्या नातलगाची नक्कल कोणी बरोबर केली की येतं, तसं.

एक लाखाचा प्रश्न

आता सगळ्यात अवघड जागा. सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हा विदर्भ जनआंदोलन समितीनं त्याला विरोध केला होता. आक्षेप असा, की शेतकरी भरपाईच्या पैशासाठी जीव देतो असं चित्र यातून उभं राहतं आणि तो इथल्या मेलेल्यांचा अपमान आहे.

हा आक्षेप विनोद न कळणाऱ्या माणसांचा म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, आणि चुकीचं आहे. ‘पैशासाठी मरतात’ हे वाक्य विदर्भात नुसतं सिनेमातलं नाही. ते चहाच्या टपरीवर, बसमध्ये, कधी कचेरीतही ऐकू येतं. ज्या घरात मरण घडलं, त्या घराच्या कानावर ते पडतं. सिनेमाची सगळी गंमत त्याच वाक्यावर उभी आहे, आणि गंमत कितीही कळकळीनं केली असली तरी मूळ वाक्य तिथेच राहतं.

खरी व्यवस्था काय आहे ते बघू. महाराष्ट्रात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत ठरलेली आहे. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात. पण ही मदत सरसकट मिळत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रत्येक प्रकरण तपासते आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा मारते. सातबारा मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावावर आहे का? कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का? ते थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का?

म्हणजे ज्यानं मक्त्यानं दुसऱ्याचं वावर केलं, तो अडकला. ज्यानं परवाना नसलेल्या सावकाराकडून घेतलं, तो अडकला. ज्या बाईनं आयुष्यभर शेतात राबून सातबाऱ्यावर कधी नाव लागू दिलं गेलं नाही, तिचं मरण शेतकऱ्याचं मरण ठरतच नाही. जिवंतपणी बँकेच्या दारात कागद घेऊन उभा राहिलेला माणूस मेल्यावर पुन्हा एकदा कागदांनिशी तपासला जातो. एक लाखाचं आमिष म्हणणाऱ्यानं ही वाट एकदा चालून बघावी.

आणि इथे सिनेमाच्या बाजूनं एक गोष्ट बोलायला हवी. शेवटी गावातल्या गोदामाला आग लागते. एक जळालेला मृतदेह सापडतो. सगळे तो नत्था आहे असं समजतात. पण मरण अपघाती ठरतं, आत्महत्या नव्हे, म्हणून घरच्यांना एक रुपयाही मिळत नाही. ज्या एक लाखासाठी दोन तास ही जत्रा चालली, त्यांच्यावर ‘अपात्र’ शेरा बसतो. विरोध करणाऱ्यांच्या प्रश्नाला दिलेलं हे सिनेमाचं उत्तर आहे आणि ते नेमकं आहे. अडचण एवढीच की हे उत्तर अगदी शेवटी, घाईघाईत, हळू आवाजात येतं. टोमणा मात्र सुरुवातीलाच मोठ्यानं मारून झालेला असतो. विनोदात मोठ्यानं बोललेलंच लोक घरी घेऊन जातात.

राकेश आणि होरी

‘पीपली’मधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस नत्था नाही, राकेश आहे. नवाजुद्दीन सिद्दीकी तेव्हा कोणाला फारसा माहीत नव्हता. बातमी पहिल्यांदा याला सापडते. मोठी वाहिनी आल्यावर हाच तिला रस्ता दाखवतो, माणसं ओळखून देतो, गाडीतून हिंडतो, आणि मनात आशा धरतो की यातून आपल्यालाही वर जायला मिळेल.

गावाच्या कडेला होरी महातो नावाचा एक म्हातारा रोज एका खड्ड्यात माती खणत असतो. ती माती विकून पोट भरतो. हाडं वर आलेली, तोंडातून शब्द नाही. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधल्या शेतकऱ्याचं नाव त्याला मुद्दाम दिलेलं आहे. कॅमेरे नत्थाच्या दारात असतात त्या काळात, काही पावलांवर, हा होरी त्याच खड्ड्यात मरून जातो. कोणी दाखवत नाही. राकेश अस्वस्थ होतो आणि नंदिताला विचारतो की होरीची बातमी का नाही. तिचं उत्तर थोडक्यात असं, की लोकांना नत्था हवाय, आणि हे झेपत नसेल तर हा धंदा तुझा नाही. ते थंड वाक्य म्हणालो होतो, ते हे.

आणि गोदामात जळून मेलेला माणूस नत्था नसतोच. तो राकेश असतो. त्याचं मरण दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. बातमी शोधणारा माणूस बातमीतून पूर्ण पुसला जातो, आणि त्याच्या वाहिनीतल्या मैत्रिणीला ते कळतही नाही. ती व्हॅनमध्ये बसून निघून जाते.

हे कथानकातलं वळण म्हणून रचलं असेल, पण जिल्ह्याच्या ठिकाणी बातमीदारी कशी चालते ते माहीत असलेल्याला ते जवळून ओळखीचं वाटेल. वाशिमसारख्या जिल्ह्यात वाहिन्यांचं काम बहुतेक वेळा स्ट्रिंजर करतात. ठरलेला पगार नाही, लागलेल्या बातमीमागे पैसे. मोटरसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, मोबाइल स्वतःचा. रिसोडला गारपीट झाली, मानोऱ्यात कोणी विष घेतलं, की हाच आधी पोचतो. काय लागणार ते मुंबईत बसलेला डेस्क ठरवतो. मोठं काही घडलं की मुंबईहून किंवा नागपूरहून ओळखीचा चेहरा येतो, आणि राकेशचं काम गाडीला वाट दाखवण्यापुरतं उरतं.

वाशिम टीव्हीवर कधी दिसतं, याचाही हिशेब यानिमित्तानं मांडता येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये, कोरोनाचे निर्बंध असताना, एका मंत्र्यांसाठी पोहरादेवीला मोठी गर्दी जमली, तेव्हा दिवसभर दिसलं. जुलै २०२४ मध्ये पुण्याहून एका वादग्रस्त प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याची बदली वाशिमला झाली, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांना वाशिम नकाशात सापडलं. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान पोहरादेवीला आले, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि पीएम किसानचा अठरावा हप्ता इथूनच सुटला, तेव्हाही दिसलं.

हा शेवटचा दिवस ऑक्टोबरचा होता, सोयाबीनच्या सोंगणीचा महिना. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत भाव त्याच्या खाली चालला होता. वावरात सुडी लागलेली, मळणीयंत्राचं भाडं द्यायचं, आणि भाव वाढेल म्हणून माल घरात ठेवावा तर दिवाळी तोंडावर. ही बातमी पेपरांत आली, स्थानिक यूट्यूब चॅनेलवर आली. पण अधिकाऱ्याच्या गाडीवरच्या दिव्याइतका वेळ तिला राष्ट्रीय वाहिनीवर मिळणं शक्य नव्हतं. हळूहळू घटणाऱ्या भावात बघण्यासारखं काय असतं? होरीच्या खड्ड्यात काय होतं?

साईनाथ यांनी वर्षानुवर्षं सांगितलेला एक हिशेब इथे आठवतो. २००६ मध्ये मुंबईत लॅक्मे फॅशन वीक झाला, त्याचं वार्तांकन करायला ५१२ अधिकृत पत्रकार होते. त्या फॅशन वीकचा विषय सुती कापड. तो कापूस पिकवणारे विदर्भात मरत होते, आणि तिथून लिहायला बाहेरून आलेले राष्ट्रीय पत्रकार सहा. ‘पीपली’मध्ये आकडे उलटे आहेत, दारात पाचशे कॅमेरे आहेत. पण फरक काही पडत नाही. सहा असोत की पाचशे, होरी दोन्हीकडे दिसत नाही.

बघण्याचे दोन प्रकार

‘पीपली’च्या एक वर्ष आधी, २००९ मध्ये, याच विषयावर मराठीत एक सिनेमा आला होता. सतीश मनवर दिग्दर्शित ‘गाभ्रीचा पाऊस’. तो विदर्भातला आहे, त्यात वऱ्हाडी बोलतात, आणि त्यातही हसू आहे. टीव्हीच्या बातम्यांवर तो नाही. तरीही ‘पीपली’त नेमकं काय उणं आहे, ते त्याच्यामुळे कळतं.

शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो. अलकाच्या, म्हणजे सोनाली कुलकर्णीच्या, मनात भीती बसते की आता आपल्या नवऱ्याच्याही डोक्यात तसलं काही येईल. नवरा किसना, म्हणजे गिरीश कुलकर्णी, आपला पाऊस आणि पेरणी यांच्या विवंचनेत. मग अलका त्याच्यावर पाळत ठेवते. पोराला त्याच्या मागे लावते. सासूला सांगते लक्ष ठेव. त्याला आवडेल ते रांधते, त्याच्याशी गोड बोलते. किसनाला कळत नाही की घरचे असे का वागताहेत. पोरगं बापाच्या मागे मागे वावरात जातं, बाप वैतागतो, आणि आपल्याला हसू येतं. छातीत धस्स होत असताना येतं ते हसू.

दोन्ही सिनेमांत एका शेतकऱ्यावर नजर ठेवलेली आहे. पीपलीत कॅमेरा नत्थाकडे बघतो, कारण मरण घडलं तर ते हुकायला नको. अलका किसनाकडे बघते, कारण मरण घडायलाच नको. बघणं तेच, मागे मागे फिरणं तेच, परसाकडे गेला तरी काळजी तीच. पण एका बघण्यात माणूस विषय आहे आणि दुसऱ्यात माणूस घरचा आहे. गंमत म्हणजे दोन्हींत विनोद एकाच जागेतून निघतो, की ज्याच्यावर पाळत आहे त्याला धड जगू दिलं जात नाही. ‘पीपली’त हा विनोद पुन्हा पुन्हा वापरून झिजतो. ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये तो झिजत नाही, कारण त्याच्या मागे कोणाचं तरी काळीज अडकलेलं आहे.

‘पीपली’ची खरी उणीव इथे आहे असं मला वाटतं. त्यात अलका नाही. म्हणजे नत्थाची बायको आहे, धनिया. शालिनी वत्सानं ती जीव तोडून केली आहे. पण सिनेमानं तिला दिलंय काय? भांडण, आरडाओरड, दिराला शिव्या. म्हाताऱ्या सासूच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थिएटर हसतं, पण तेच ते चार-पाच वेळा झालं की कळतं, घरातल्या बायका इथे विनोदाच्या फोडणीला ठेवल्या आहेत. आपला नवरा मरणार, हे ठरवताना ज्या बाईला कोणी विचारलंच नाही, तिच्याकडे वाहिन्यांचे कॅमेरे बघत नाहीत. सिनेमाचा कॅमेराही फारसा बघत नाही. वाहिन्यांना नावं ठेवणाऱ्या सिनेमानं निदान एवढं वेगळं करायला हवं होतं.

कारण पुढची खरी गोष्ट तिचीच असते. समितीपुढे कागद घेऊन ती जाते, बँकेत तिला जावं लागतं, सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे तीच चकरा मारते, आणि पुढच्या जूनमध्ये बियाण्याची पिशवी उधारीवर तीच आणते. वाहिन्यांनी अशा बाईला कधी बघितलंच नाही असं नाही. जुलै २००८ मध्ये लोकसभेत एका भाषणात यवतमाळ जिल्ह्यातल्या जळका गावच्या एका शेतकरी विधवेचं नाव घेतलं गेलं आणि तिच्या दारात कॅमेऱ्यांची रांग लागली. ‘पीपली’ यायच्या दोन वर्षं आधी, विदर्भात, खरंखुरं पीपली घडलं होतं. फक्त तिथे मध्यभागी नत्था नव्हता, धनिया होती. त्या बाईची गोष्ट सिनेमातल्या कुठल्याही विनोदापेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे.

शेवटची पाच मिनिटं

एवढं सगळं बोलूनही हा सिनेमा मी कोणालाही बघायला सांगेन, आणि त्याचं कारण शेवटची पाच मिनिटं आहेत.

नत्था मेला असं ठरतं. एका दिवसात व्हॅन निघून जातात. पाळणे उतरतात. मागे उरतात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, कागद, प्लास्टिक, आणि ते घर. हसण्याचा आवाज पूर्ण थांबतो. मग रस्ता लागतो, शहर येतं, गुडगावच्या उंच इमारती येतात, आणि एका बांधकामावर धुळीनं माखलेला एक मजूर बसलेला दिसतो. तो नत्था आहे. तो मेला नाही. तो फक्त शेतकरी राहिला नाही. मग पडद्यावर ओळ येते, की १९९१ ते २००१ या काळात भारतातल्या ऐंशी लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली.

वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, कुठल्याही स्टँडवरून रात्री पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्स सुटतात. त्यांत बसलेल्यांमध्ये शिकायला जाणारे असतात, कंपनीत लागलेले असतात, आणि दर वर्षी थोडेसे असेही असतात ज्यांच्या नावावर वावर आहे पण जे आता परत पेरायला येणार नाहीत. हे कोणाच्या मरणासारखं एका दिवशी घडत नाही. म्हणून याला ब्रेकिंग म्हणता येत नाही, थेट दाखवता येत नाही. ‘पीपली लाइव्ह’ या नावातला ‘लाइव्ह’ हा शब्द इथे आल्यावर कळतो. जिवंत माणूस शेवटी सापडतो, पण तिथे लाइव्ह दाखवायला कोणी नाही.

२०१० मध्ये कॅमेरा वाहिन्यांकडे होता, आता तो आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. राकेशकडे आज स्वतःचं यूट्यूब चॅनेल असतं, हातात लोगो लावलेला माइक असतं, आणि नंदिताला विचारायची गरज उरलेली नसती. होरीची बातमी त्यानं स्वतः टाकली असती. ती किती जणांनी शेवटपर्यंत बघितली असती, हा वेगळा प्रश्न आहे. नत्थाचं रील मात्र आपण नक्की पुढे पाठवलं असतं, हसणारी इमोजी लावून. आणि त्याच संध्याकाळी, त्याच फोनवर, घरी एखादा व्हिडिओ कॉलही केला असता: बापू जेवले का, झोप लागते का, वावराकडे एकटे जाऊ देऊ नका. बघण्याचे ते दोन्ही प्रकार आता एकाच पडद्यावर आहेत. ‘पीपली लाइव्ह’ पहिल्या प्रकाराला पोट धरून हसतो. दुसरा त्याला दिसला असता, तर तो मोठा सिनेमा झाला असता. आहे तसाही तो पुन्हा बघण्याइतका चांगला आहे.